सोमवारी न बिघडणारं मशीन

मंडळी, बसा. मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा, हा माईक सकाळपासून कुरकुर करतो आहे.

एवढ्या उन्हात तुम्ही सगळे आलात. पट्टीश्वरम्‌हून आलात, नाचियार्‌कोविल्‌हून बसमध्ये उभ्याने आलात. आपल्या कुंभकोणमच्या मराठी मंडळाचं हे सभागृह रामनवमीलासुद्धा इतकं भरत नाही. माधवने पाहिलं असतं तर बुजला असता. गेल्या दीड वर्षात त्याच्या घरी कोण कोण गेलं होतं, असं मी विचारत नाही. विचारलं तर मलाच पहिल्यांदा मान खाली घालावी लागेल.

मी नरसिंगराव. इथे सगळे मला अण्णा म्हणतात. माधवराव माझ्या आत्याचा मुलगा, माझ्याहून अठरा वर्षांनी धाकटा. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी आंघोळ करून तो पंख्याखाली बसला आणि बसल्या जागी गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. अशा सभेत बोलणं जड जातं, असं म्हणायची रीत आहे. मला बोलणं कधी जड गेलेलं नाही, हे तुम्ही जाणता. जिभेच्या जोरावर मी ऑफिसात पंचवीस वर्षं काढली. आज जड जातंय, त्याचं कारण निराळं आहे.

माझ्याआधी तिघे बोलले. चांगलं बोलले. माधव शांत होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात होता. मग एकाने म्हटलं, नोकरीत त्याच्या हातून एक मोठी चूक झाली खरी, पण माणूस लाखमोलाचा. तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मंडळी, त्या चुकीबद्दल बोलायलाच मी उभा आहे. ती चूक माधवची नव्हती. ती माझी होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला तर्क करत बसायला नको. कोणाला उठून जायचं असेल तर त्याने खुशाल जावं.

आमचं ऑफिस तुम्हाला माहीत आहे. पाण्याचे पंप विकणारी कंपनी, हेड ऑफिस मद्रासला, आमची इथे शाखा, आणि मी तिथला हेड क्लार्क. पंप गोदामातून निघताना त्याच्याबरोबर डिलिव्हरी चलन जातं. त्या चलनावर तारीख असते आणि वेळ असते. आणि वेळ म्हटली की आपल्या गावात राहुकाळ आला. रोजचा दीड तास. त्यात नवं काम सुरू करायचं नाही, नवी वस्तू घरी आणायची नाही. लहानपणी पाढ्यांच्या आधी आपण राहुकाळ पाठ केलेला असतो. शनिवारी नऊ ते साडेदहा, शुक्रवारी साडेदहा ते बारा, बुधवारी बारा ते दीड. वेगळं सांगायला नको.

माझ्या हातून राहुकाळातलं चलन कधी गेलं नाही. शहाऐंशी-सत्याऐंशीच्या सुमारास टाइपरायटर होता. टाइपरायटरला वेळ कळत नाही, मी सांगेन ती वेळ. शुक्रवारी अकराला पंप निघाला तरी कागदावर दहा वाजून वीस मिनिटं. गिऱ्हाईक खूश, मी खूश. नरसिंगरावाच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणायचे. म्हणजे निदान मी तसं समजत होतो.

मग कॉम्प्युटर आले. सहा मशीन. ती सांभाळायला माणूस हवा होता. माधव त्रिचीला कोर्स करून आला होता, घरी बसून होता. मी मॅनेजरांच्या कानावर घातलं आणि त्याला लावून घेतलं. मी लावून घेतलं, हे मी त्याला ऐकवलं किती वेळा? दर आठवड्याला. पाहुण्यांसमोर. त्याच्या बायकोसमोर. त्याच्या मुलीसमोर.

आता ते कॉम्प्युटरचं थोडं सांगतो. मला जेवढं कळलं तेवढं पुढे माधवनेच सांगितलं होतं. त्या मशीनवर आपली मर्जी चालत नाही. सकाळी आपण नाव आणि पासवर्ड दिला की मशीन मद्रासचे नियम मागवून घेतं. या माणसाने काय उघडायचं, काय नाही, कुठल्या प्रिंटरवर छापायचं, सगळं वरून ठरलेलं. जागेवरून दहा मिनिटं उठलात तर पडदा आपोआप बंद. परत आलात की पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओळख पटवायची. आणि ओळख पटवताना मद्रासचं मशीन आपल्या मशीनचं घड्याळ बघतं. अर्ध्या तासाहून जास्त फरक असला तर ते म्हणतं, मी तुला ओळखत नाही. मग नियम येत नाहीत, प्रिंटर नाहीसा होतो, पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चार ओळी येतात आणि काम ठप्प. माझं एकट्याचं नाही. प्रिंटर माझ्या मशीनला जोडलेला होता, म्हणून सगळ्यांचं.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की चलनावर वेळ आता मशीन छापतं, आणि मशीन माझं ऐकत नाही. मी माधवला म्हटलं, माझ्या मशीनचं घड्याळ मागेपुढे होतं, ते बदलायची मला मुभा दे. तो म्हणाला, अण्णा, घड्याळाला कोणी हात लावायचा नाही, असा वरचा हुकूम आहे. मी म्हटलं, तुला या खुर्चीवर कोणी बसवलं? त्याने मुभा दिली. कुठल्या मशीनला कुठली सूट दिली, ते लिहायची एक वही होती. तीत त्याने लिहिलं आणि खाली सही केली. सही त्याची. नाव माझं कुठेच नाही.

त्या दिवसापासून मशीन बिघडायला लागलं.

राहुकाळ लागला की मी घड्याळ मागे करायचो, चलन छापायचो. कॉफी प्यायला उठायचो. परत येऊन पाहतो तर पडदा बंद, पासवर्ड घेत नाही. मग मी ओरडायचो. काय ओरडायचो सांगू? या डॉक्टर, पेशंट पुन्हा दगावला. सगळं ऑफिस हसायचं. मला हसवायला आवडतं. त्याचं नाव डॉक्टर पडलं ते मी पाडलं. पुढे मॅनेजरसुद्धा त्याला डॉक्टर म्हणायला लागले. शिपाई म्हणायला लागला. तो यायचा, टेबलाखाली शिरायचा, वायरी तपासायचा. पांढरा शर्ट घालून फरशीवर आडवा. आणि मी पाय उचलायचो नाही. खुर्चीत बसून राहायचो, पाय होते तिथेच. तो माझ्या पायांच्या बाजूने हात घालून काम करायचा.

काय नाही केलं त्याने? वायर बदलली. मशीनचं नाव काढून पुन्हा घातलं. माझं खातं पुसून नव्याने केलं. सगळं धुऊन काढून पुन्हा पहिल्यापासून भरलं, दोन दिवस जेवायला घरी गेला नाही. मद्रासला फोन लावायचा, तिकडचा इंजिनियर म्हणायचा, आमच्याकडून सगळं ठीक आहे. मशीनचं घड्याळ मागे पडलंय हे त्याला दिसायचं. त्याला वाटायचं, आतली बारीक बॅटरी गेली असेल. तंजावरला जाऊन बॅटरी आणली, बसवली. मला विचारलं, आता बरोबर आहे ना अण्णा? मी म्हटलं, असेल. पंधरा दिवसांनी दुसरी आणली. मग तिसरी. तीन बॅटऱ्या, मंडळी. तिन्ही वेळा मी समोर बसून पाहिलं आणि म्हटलं, असेल.

मला कळत होतं का? पहिल्या बॅटरीच्या वेळी कदाचित नसेल. तिसऱ्या बॅटरीच्या वेळी कळत होतं. घड्याळ हललं की मशीन बिघडतं, एवढं न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. पण तोवर सहा महिने मी त्याला डॉक्टर म्हणून हसलो होतो. आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

एका रविवारी सकाळी तो माझ्या घरी आला. आमच्या ओट्यावर बसला. हातात एक कागद. कधी कधी बिघाड झाला, ते त्याने टिपून ठेवलं होतं, वार आणि वेळ. तो वाचत गेला. शनिवारी ऑफिस उघडल्या उघडल्या. मंगळवारी तीननंतर. बुधवारी बारानंतर. गुरुवारी दीडनंतर. शुक्रवारी साडेदहानंतर. आणि म्हणाला, अण्णा, सोमवारी एकदासुद्धा नाही.

सोमवारी राहुकाळ साडेसात ते नऊ. आमचं ऑफिस नऊला उघडतं.

मद्रासच्या इंजिनियरला तो कागद दाखवला असता तर त्याने यंत्रात कारण शोधलं असतं. कुंभकोणमच्या कुठल्याही म्हातारीला वाचून दाखवला असता, तर तिने सुपारी फोडता फोडता सांगितलं असतं. माधवला कळलं होतं. पण त्याने माझ्यावर बोट ठेवलं नाही. तो एवढंच म्हणाला, "अण्णा, तेवढं सोडून द्या. मी कोणास सांगत नाही."

आत माझी बायको कॉफी करत होती. तिला ऐकू जाईल म्हणून मी आवाज चढवला. मी म्हटलं, "ज्याला आपलं काम येत नाही, तो पंचांगाला नावं ठेवतो." माधवने कागदाची घडी केली. कॉफी आली ती प्याला. मला नमस्कार केला आणि गेला.

एक गोष्ट मला राहून राहून टोचते. ती सूट त्याने दिली होती, तो ती काढूही शकत होता. एका मिनिटाचं काम. काढली असती तर वाचला असता. त्याने काढली नाही. का? वडील माणसाला दिलेली गोष्ट त्याला न विचारता परत घ्यायची नाही, असं आपण त्याला शिकवलं होतं. तुम्ही शिकवलं, मी शिकवलं. आपल्या घरांत मुलांना हेच शिकवतात, आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे.

आणि मी सोडलं का? नाही. लहान भावाने सांगितलं म्हणून मी सोडायचं?

मग मद्रासचा इंजिनियर तपासणीला आला. वार शुक्रवार. तिरुप्पनंदाळच्या एका मोठ्या गिऱ्हाईकाचे पंप निघायचे होते, अकराला दहा कमी होते. मी घड्याळ सव्वादहावर नेलं, चलन छापलं आणि कॉफीला गेलो. परत आलो तो इंजिनियर माझ्या खुर्चीत. पडद्यावर त्याच चार ओळी. त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मशीनचं पाहिलं. विचारलं, या मशीनला घड्याळ बदलायची मुभा कोणी दिली? वही आणली. माधवची सही. विचारलं, कोणी सांगितलं म्हणून दिलीस?

माधवने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ.

मी म्हटलं, "मला यातलं काय कळतं? सगळं तोच बघतो."

चारचौघांत अण्णा खोटं बोलले, असं तो म्हणू शकला नाही. तिसऱ्या प्रहरी मॅनेजर सारांनी त्याच्याकडून किल्ल्या घेतल्या. सार तिथे बसले आहेत, उजवीकडे, ऑफिसच्या लोकांबरोबर. त्यांचा दोष नाही. त्यांच्यापुढे वही होती, सही होती आणि माझा शब्द होता. जाताना माधव माझ्या टेबलापाशी आला. मला वाटलं, आता बोलेल. हळू आवाजात आपल्या मराठीत म्हणाला, "अण्णा, प्रिंटर अडकला तर मशीन बंद करून दहा मोजा, मग चालू करा. ओढू नका." एवढंच.

आता ऐका. त्या दिवशी मी घाबरलो. शनिवारपासून घड्याळाला हात लावला नाही. मग काय होणार? मशीन बिघडायचं थांबलं. एकदासुद्धा बिघडलं नाही. महिना झाला, दोन महिने झाले. मॅनेजर म्हणाले, पाहिलंत, तो गेला आणि सगळं सुरळीत झालं. त्यावर मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, डॉक्टर गेला, पेशंट बरा झाला. आठवडाभर सगळे हसत होते. इतकं यश माझ्या कुठल्याच विनोदाला मिळालं नव्हतं.

आणि चलनं राहुकाळातच जात होती. शुक्रवार, अकरा वाजून पाच मिनिटं, असं ठळक छापून. मी वाट पाहत होतो, कोणी तरी परत घेऊन येईल, कोणी तरी भांडेल. एकही गिऱ्हाईक आलं नाही. एकानेही वाचलं नव्हतं. पंप मिळाला की माणूस पंपाकडे बघतो. तेरा वर्षं मी जे सांभाळलं, ते माझ्याशिवाय कोणालाच नको होतं. त्यासाठी माधव गेला.

त्याने दोन ठिकाणी नोकरीला विचारलं. दोन्ही ठिकाणांहून आमच्याकडे फोन आला. त्याच्या हाताखाली मशीन बिघडतात, असं इथून सांगण्यात आलं. एक फोन मीच घेतला होता. शेवटी तो बसस्टँडजवळच्या दुकानात स्टॅबिलायझर दुरुस्त करायला बसला. मी रस्त्याच्या पलीकडून जायचो. तरी एकदा त्याने पाहिलं. हातात वायरींना डाख द्यायची तापलेली कांडी होती, तरी तो स्टुलावरून उठून उभा राहिला. मी वडील ना. मी मान वळवली आणि पुढे गेलो.

तुम्ही म्हणाल, अण्णा, आता हे बोलून काय उपयोग? तुम्हाला मी मोकळं सोडणार नाही. मी एकाला सांगितलं, माधवने घोटाळा केला. तुम्ही पन्नास जणांना सांगितलंत. मुंजीच्या पंगतीत सांगितलंत, सांबार वाढता वाढता. त्याची मुलगी कमला सातवीत आहे. वर्गात तिला पोरी म्हणाल्या, तुझ्या अप्पांनी ऑफिसची मशीन मोडली. ते पोरींनी घरी ऐकलं होतं. कोणाच्या घरी? या सभागृहात बसलेल्यांच्या घरी.

मी माधवला मारलं, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं आहे. मी मारलं असं म्हटलं, तर तुमच्यापैकी कोणी तरी येऊन माझ्या पाठीवर हात ठेवेल, अण्णा, एवढं मनाला लावून घेऊ नका म्हणेल. मला तो हात नको. मी त्याला मारलं नाही. मी त्याची अब्रू घेतली आणि तिच्यावर दीड वर्ष विनोद केले. जेवढं केलं तेवढंच माझ्या नावावर लावा, जास्त नको, कमी नको.

बाराव्या दिवशी माधवच्या बायकोने, सीतेने, मला आत बोलावलं. मला वाटलं, कागद दाखवेल, शिव्या देईल. ती म्हणाली, सभेत तुम्हीच बोला अण्णा, घरात तुम्हीच वडील. बाकी काही नाही. तिला सगळं ठाऊक आहे, हे मला त्या क्षणी कळलं. केव्हापासून ठाऊक होतं? मी विचारलं नाही. दीड वर्ष ती सणासुदीला माझ्या घरी येऊन पाया पडत होती.

सीता, मी बोललो. कमला, तुझ्या अप्पांनी एकही मशीन बिघडवलं नाही. तू मान खाली घालू नकोस.

मंडळी, माझं संपलं. आता माधवसाठी सगळ्यांनी उभं राहायचं आणि दोन मिनिटं गप्प राहायचं. उठा.

सीता, तू बसून का? काय झालं?

मोठ्याने बोल, माईक इकडे आहे, मला ऐकू येत नाही.

बसा. मंडळी, जरा परत खाली बसा. सीता काय म्हणते ते सांगतो. ती म्हणते, "अण्णा, मराठीत आम्ही घरी रडलोच. हे तमिळमध्ये सांगा."

बरोबर आहे. मॅनेजर सार अर्ध्या तासापासून मान हलवताहेत, डोळे पुसताहेत. ऑफिसचे सगळे तिथे बसले आहेत. त्यांना वाटतंय, म्हातारा भावाच्या आठवणी सांगतो आहे. त्यांना यातलं अक्षरही कळलेलं नाही. आणि आज मी मराठीत बोलायचं ठरवलं, ते आपली रीत म्हणून ठरवलं, असं मी तुम्हाला सांगणार होतो. खोटं आहे. मॅनेजरांना कळणार नाही, म्हणूनच ठरवलं होतं.

सीता, तू बसून राहा. आधी मी सांगतो, मग तुला वाटलं तर उठ. माधवने चूक केली नाही, मी केली, एवढंच तर सांगायचं आहे.

सार, इकडे बघा. माधवराव तप्पु पण्णलै, सार. नान्‌दान् पण्णिनेन्.